जुनं टायपिंग सॉफ्टवेअर निघेना, नवं बसेना. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्रिका अडल्यात

अमळनेर_पत्रिका | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. अडचण मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमळनेरात माझं छोटं छपाईचं दुकान आहे. अक्षरजुळणीला डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ११ वर्षांपासून वापरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, दोष त्यांचा आहे असं मला वाटत नाही. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हाची हँडबिलं, सगळं त्यावरच होतं. गेल्या महिन्यात पैसे भरून नवी आवृत्ती घेतली. आज जुनी काढून नवी बसवायला घेतली आणि मधेच अडकलो.

जुनी अनइन्स्टॉल करायला गेलो की एक खिडकी येते. हवी ती फाईल सापडत नाही, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते दाखवा, असं म्हणते. मी कुठलं दाखवणार? कॅन्सल केलं की इन्स्टॉलेशन सोर्स उपलब्ध नाही असं सांगून बंद होते. नव्याचा सेटअप चालवला तर तो म्हणतो, या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीच बसलेली आहे, अगोदर ती काढा. जुनं जात नाही आणि ते जात नाही तोवर नवं येत नाही.

रागाच्या भरात मी प्रोग्रॅम फाइल्समधलं त्याचं अख्खं फोल्डर डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामी केली. तेव्हापासून सॉफ्टवेअर उघडतही नाही, पण यादीत नाव तसंच आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या पत्रिका उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि चौकोन दिसतात. ११ वर्षांचं काम गेलं की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

विंडोज १०, ६४ बिट, ८ जीबी रॅम, १२० जीबीचा एसएसडी. सीडी ड्राइव्ह नाही. आखाजी १२ दिवसांवर आली आहे आणि १४ पत्रिका हातात आहेत. कुणी मार्ग सांगा.

धुळेकर | सोमवार, रात्री १०:३२

भाऊ, घाबरू नको, बठ्ठं जमी जाई. माझ्या मते सरळ फॉरमॅट मारा. दोन-तीन तासांचा खेळ. तसंही विंडोज १० ला कंपनीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, या निमित्ताने ११ टाकून घ्या.

भुसावळ_आप्पा | सोमवार, रात्री १०:५०

अमळनेरकर, आधी एक करा. आता त्या मशीनवर काहीही डिलीट करू नका, काहीही नवीन बसवू नका. आणि जेवून घ्या, तुमच्या पत्रिका गेलेल्या नाहीत.

कारण सांगतो. हे जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. त्यांच्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फाईलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षराचंच चिन्ह, फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. तुमचं सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर स्वतःच्या फोल्डरमधून फॉन्ट जोडत असणार. फोल्डर गेलं, फॉन्ट गेले, आणि खालचा इंग्रजी सांगाडा उघडा पडला. फॉन्ट परत आले की पत्रिका होती तशी दिसेल. फक्त तोवर एक पथ्य पाळा: ती फाईल त्या अवस्थेत सेव्ह करू नका. काही प्रोग्रॅम नसलेल्या फॉन्टच्या जागी स्वतःहून दुसरा लावतात, आणि सेव्ह केलं की तोच कायम होतो.

धुळेकर, राग मानू नका, पण फॉरमॅट आत्ता नको. डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ वर चालेल की नाही माहीत नाही, प्रिंटरचं वेगळं, कोरलचं (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं) वेगळं. सीझनच्या तोंडावर चालतं दुकान उसवायचं नाही. विंडोज ११ आखाजीनंतर निवांत बघता येईल.

आता मला पुढच्या गोष्टी सांगा. त्या खिडकीत नेमक्या कुठल्या फाईलचं नाव येतंय, अक्षर न अक्षर उतरवून द्या. एरर नंबर कुठले? सिस्टिम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू होतं का? आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांत सी ड्राइव्ह भरला म्हणून कुणी साफसफाई केली होती का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून द्या.

रावेर_केळीबाग | सोमवार, रात्री ११:२०

मला असंच झालं होतं, आमच्या गटाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. मी यूट्यूब बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) गेलो, अनइन्स्टॉल नावाच्या की-खाली त्या सॉफ्टवेअरची नोंद होती ती उडवली. यादीतून नाव गेलं. पण नवीन बसवताना ‘आधीच बसलेलं आहे’ हे पालुपद तसंच राहिलं. का ते आजपर्यंत कळलं नाही. शेवटी दुसरा लॅपटॉप घेतला.

भुसावळ_आप्पा | मंगळवार, सकाळी ७:१०

रावेरकर, तुमच्या प्रश्नातच या धाग्याचं अर्ध उत्तर आहे.

शेत आणि सातबारा या दोन गोष्टी आहेत ना? शेतातलं उभं पीक कापून नेलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर हे शेत आहे. अमळनेरकरांनी शेत साफ केलं, उताऱ्यावर नाव राहिलं. तुम्ही जी नोंद उडवली ती फक्त चावडीबाहेर लावलेली यादी होती. कंट्रोल पॅनेल ती यादी वाचून आपल्याला नावं दाखवतं. खरा उतारा विंडोज इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा विंडोजचाच भाग, आपल्याकडे वेगळा ठेवतो, प्रॉडक्ट कोडच्या (त्या सॉफ्टवेअरच्या ओळख क्रमांकाच्या) नावाने, आणि तो कोडही उलटसुलट करून लिहिलेला असतो. म्हणून नुसतं शोधून सापडत नाही. नवा सेटअप विचारायला जातो तो तिथे. त्याला तिथे जुनं नाव दिसतं आणि तो मागे फिरतो.

तिसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. एमएसआय प्रकारचं, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या सेटअप फाईलने बसणारं, कुठलंही सॉफ्टवेअर बसवलं की त्याच्या सेटअपची एक प्रत सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये, ‘इन्स्टॉलर’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जाते. नाव बदलून, काहीतरी अगम्य आकडे-अक्षरं देऊन ठेवतात. अनइन्स्टॉल करताना विंडोज हीच प्रत उघडून बघतो की काय काय बसवलं होतं, कुठल्या क्रमाने काढायचं. ही प्रत गेली की काढायचं कसं हेच त्याला कळत नाही. मग तो मूळ सीडी मागतो. अमळनेरकरांची खिडकी तीच आहे असा माझा अंदाज आहे.

शहादा_सेवाकेंद्र | मंगळवार, सकाळी ९:०५

आप्पा, इतकं सोपं करून पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

माझ्याकडून एक अनुभव जोडते. आमच्याकडे केंद्रावर स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढताना मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती. नंतर काहीही बसवायला गेलं की १६१८ यायचा, म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. चालू काहीच नव्हतं. मी रोज संध्याकाळी शटडाउन करत होते, सकाळी चालू करत होते, तरी तेच. तीन दिवसांनी एका पोराने रिस्टार्ट केलं आणि झालं.

मी म्हटलं, अरे रोज तर बंद करते! तेव्हा त्याने फास्ट स्टार्टअप दाखवलं. विंडोज ८ पासून हे आलंय. शटडाउन म्हटलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून डिस्कवर ठेवतात आणि सकाळी तसाच उचलतात. रिस्टार्टला मात्र खरोखर नव्याने सुरुवात होते. ‘ही फाईल वापरात आहे, पुढच्या वेळी चालू होताना काढू’ अशी जी कामं बाकी ठेवलेली असतात, ती रिस्टार्टलाच उरकतात. तेव्हा दादा, कुठलीही पायरी झाली की शटडाउन नको, रिस्टार्ट.

अमळनेर_पत्रिका | मंगळवार, दुपारी १:४०

सगळ्यांचे आभार. रात्री थोडी झोप लागली.

खिडकीत येणाऱ्या फाईलचं नाव कागदावर उतरवून ठेवलंय, शेवटी डॉट एमएसआय आहे. काढताना नंबर १६१२, नवं बसवताना १६३८. सिस्टिम रिस्टोर बंदच होतं.

आणि हो, साफसफाई झाली होती. दोन वर्षांपूर्वी सी ड्राइव्ह लाल झाला होता, पत्रिकेची मोठी फाईल सेव्ह होईना. ओळखीच्या एका मुलाने सगळ्यात मोठी फोल्डरं शोधून काढली. विंडोजमधलं इन्स्टॉलर ११ जीबीचं होतं, तो म्हणाला हे जुने सेटअप आहेत, कामाचे नाहीत. उडवलं. मी समोरच उभा होतो, जागा मोकळी झाली म्हणून खूशही झालो. त्याला दोष देत नाही, त्याने मनापासून मदत केली होती.

धुळेकर | मंगळवार, दुपारी २:००

मग एखादं अनइन्स्टॉलर किंवा क्लीनर टाकून मुळासकट ओढून काढलं तर? विंडोजचंच एक क्लीनअप टूल होतं पूर्वी, मी वापरलंय.

भुसावळ_आप्पा | मंगळवार, दुपारी २:३५

होतं. ते २०१० मध्येच मागे घेतलं, कारण एक नोंद काढताना इतर सॉफ्टवेअरच्या सामाईक नोंदींना धक्का लागायचा. त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आला. तो बराच सुरक्षित आहे, अडकलेल्या नोंदी ओळखून काढतो. पण तो नोंद काढतो, सॉफ्टवेअरने ठिकठिकाणी ठेवलेल्या फाईली काढायची हमी देत नाही. इथे डोंगलचा ड्रायव्हर आहे, कीबोर्ड पकडणारा प्रोग्रॅम आहे, फॉन्ट आहेत. नोंद गेली आणि हे अवशेष राहिले तर नवं बसेल, पण टाइप करताना दोन कीबोर्ड एकमेकांशी भांडतील. म्हणून ट्रबलशूटर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवू.

आणखी एक, कुणी डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्टची कमांड सुचवायच्या आत सांगतो. ती कमांड यादी दाखवता दाखवता मशीनवरचं प्रत्येक एमएसआय सॉफ्टवेअर तपासते आणि गरज वाटली तर दुरुस्तीला घेते. इथे तर ११ जीबीच्या प्रती गायब आहेत. प्रत्येक जण आपापली सीडी मागायला लागेल.

माझं मत ठाम आहे: जे अर्धवट मोडलंय ते आधी होतं तसं उभं करायचं आणि मग रीतसर काढायचं. अमळनेरकर, तीच जुनी आवृत्ती हवी, तिच्यातली तीच एमएसआय. सीडी शोधा.

शिरपूर_अक्षर | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी अक्षरजुळणीच करतो, म्हणून या बाजूचं सांगतो.

सीडी शोधायच्या आधी पेनड्राइव्ह घ्या आणि तुमच्या पत्रिकांचं फोल्डर, सॉफ्टवेअरने बनवलेली टेम्प्लेटं, स्वतः बनवलेला शब्दसंग्रह, आणि विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये त्या सॉफ्टवेअरचे काही फॉन्ट उरले असतील तर ते, सगळं कॉपी करा. शब्दसंग्रह बहुतेक वेळा प्रोग्रॅम डेटा किंवा ॲपडेटामध्ये लपलेला असतो, एक्सप्लोररमध्ये हिडन फाइल्स दाखवा हे चालू केल्याशिवाय दिसत नाही. आमच्या भागातली आडनावं, गावांची नावं, कुळं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ची आख्खी मांडणी त्यात असते. सॉफ्टवेअर पुन्हा विकत मिळतं, तो संग्रह मिळत नाही.

दुसरं, डोंगल आत्ता काढून ठेवा. बऱ्याच जुन्या डोंगलना आधी ड्रायव्हर आणि मग डोंगल हा क्रम लागतो.

तिसरं, कोरल, वर्ड, पेजमेकर सगळं बंद करून मगच काढा-बसवा करा. फॉन्ट कुठल्याही उघड्या प्रोग्रॅमने धरला असेल तर विंडोज त्याला हात लावू देत नाही. रिस्टार्ट केल्या केल्या, दुसरं काही उघडायच्या आत सेटअप चालवायचा.

अमळनेर_पत्रिका | बुधवार, सकाळी ११:१५

बॅकअप झाला. शब्दसंग्रह सापडला, ॲपडेटातच होता, डिलीट केलेल्या फोल्डरात नव्हता. जीव भांड्यात पडला.

सीडी गोदरेजच्या कपाटात, पत्रिकेच्या नमुन्यांच्या फाईलखाली मिळाली. पण मागच्या बाजूला नखाएवढा पापुद्रा निघालाय. शेजारच्या मोबाइलवाल्याकडून बाहेरचा सीडी ड्राइव्ह आणला, ७० टक्क्यांपर्यंत कॉपी होते आणि ड्राइव्ह घरघरत बसतो. तीनदा करून बघितलं. कुणाकडे हीच आवृत्ती आहे का? लायसन्स आणि डोंगल माझं आहे, मला फक्त सेटअप हवाय.

चोपडा_प्रेस | बुधवार, दुपारी १२:३०

माझ्याकडे आहे. आपण दोघांनी एकाच सुमारास घेतलं होतं, तुम्ही खरेदीची चौकशी इथेच केली होती. सीडीवरून हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलंय. आमचा एक माणूस दुपारच्या एसटीने तापी ओलांडून तुमच्याकडेच बाजाराला येतोय, पेनड्राइव्ह त्याच्याबरोबर देतो. भाड्याबिड्याचं बोलू नका.

भुसावळ_आप्पा | बुधवार, दुपारी १:००

उत्तम. पेनड्राइव्ह आला की त्यातलं सगळं डी ड्राइव्हवर एका साध्या नावाच्या फोल्डरात उतरवा. रिस्टार्ट करा. काही न उघडता कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. मग एमएसआयएक्झेक लिहून स्पेस, स्लॅश आणि त्याला लागून एफ व्ही ओ एम यू एस ही सहा अक्षरं, पुन्हा स्पेस, आणि अवतरण चिन्हांत त्या एमएसआय फाईलचा पूर्ण पत्ता. एंटर.

यातलं एफ म्हणजे दुरुस्ती. व्ही हे अक्षर आपल्यासाठी लाखमोलाचं आहे: मूळ सेटअपवरून चालव आणि त्याची प्रत पुन्हा इन्स्टॉलर फोल्डरात ठेव. ओ म्हणजे नसलेल्या किंवा जुन्या फाईली परत टाक. एम आणि यू रजिस्ट्रीतल्या नोंदींसाठी, एस शॉर्टकटसाठी. उडवलेली प्रत आणि उडवलेलं फोल्डर, दोन्ही एका कमांडने परत आणायचा हा बेत आहे.

अमळनेर_पत्रिका | बुधवार, रात्री ८:४५

केलं. एरर १३१६. म्हणतो फाईल वाचताना नेटवर्क एरर. अहो, नेटची वायर तर मी काढून ठेवली आहे, फाईल डी ड्राइव्हवर समोर दिसतेय!

भुसावळ_आप्पा | बुधवार, रात्री ९:००

नेटवर्कचा काही संबंध नाही, संदेशावर जाऊ नका. कागदावर उतरवलेलं नाव आणि पेनड्राइव्हमधल्या फाईलचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघा.

अमळनेर_पत्रिका | बुधवार, रात्री ९:१२

वेगळं आहे! पेनड्राइव्हमधल्या नावाच्या शेवटी ‘जुने’ आणि वर्ष जोडलंय.

चोपडा_प्रेस | बुधवार, रात्री ९:२०

ते मी केलं होतं, ओळखायला सोपं जावं म्हणून. माफ करा.

भुसावळ_आप्पा | बुधवार, रात्री ९:२५

माफी कसली, तुमच्यामुळेच इथवर आलो. पहिल्यांदा बसवताना फाईलचं जे नाव होतं तेच उताऱ्यात लिहिलेलं असतं. दुरुस्तीच्या वेळी त्याच नावाची फाईल लागते. नाव कागदाप्रमाणे करा आणि कमांड पुन्हा चालवा. या वेळी शेवटी स्पेस देऊन स्लॅश, एल, स्टार, व्ही आणि एका टेक्स्ट फाईलचा पत्ता जोडा. सगळी नोंद त्या फाईलमध्ये उतरेल.

अमळनेर_पत्रिका | बुधवार, रात्री १०:१०

आता पट्टी पुढे सरकली! निम्म्याच्या वर गेली, मग उलटी फिरली आणि १६०३. नोंदीची फाईल ४० हजारांहून जास्त ओळींची आहे. यात काय बघू?

भुसावळ_आप्पा | बुधवार, रात्री १०:२०

सगळी वाचायची नाही. नोटपॅडमध्ये कंट्रोल एफ दाबा, ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ इंग्रजीत शोधा. ३ म्हणजे ती पायरी फसली. पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे थांबा आणि त्याच्या वरच्या २०-२५ ओळी वाचा. खालच्या ओळींत केलेलं मागे घेण्याची धावपळ असते, तिकडे बघू नका. नुसत्या १६०३ वरून काही कळत नाही, तो ‘काम झालं नाही’ एवढंच सांगतो. खरं कारण त्या २०-२५ ओळींत असतं.

अमळनेर_पत्रिका | बुधवार, रात्री १०:५५

सापडलं. डी ड्राइव्हवरच्या टेम्प्लेटच्या फोल्डरात फाईल लिहिता येत नाही, परवानगी नाही, असं आहे.

आणि आता आठवतं. सुटीत भाचे येतात, दुकानात गेम खेळतात. त्यांच्या हातून एकदा टेम्प्लेटं उडाली होती. मी त्या फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन माझं नाव सोडून बाकी सगळी नावं काढून टाकली होती. चार वर्षं झाली असतील.

भुसावळ_आप्पा | बुधवार, रात्री ११:०५

तेच आहे. सेटअप तुम्ही चालवला तरी फाईली टाकायचं काम विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस करते, आणि ती ‘सिस्टिम’ या खात्याच्या नावाने चालते. तुम्ही भाच्यांना दार लावलं, त्यात सिस्टिमही बाहेर राहिली. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, ॲड. इंग्रजीत सिस्टिम लिहा, फुल कंट्रोलवर टिक, ओके. ॲडमिनिस्ट्रेटर्सलाही तसंच. रिस्टार्ट करा आणि तीच कमांड.

उद्या सकाळी करा. झोपेत चुका होतात.

अमळनेर_पत्रिका | गुरुवार, सकाळी ८:३०

झालं!!! पट्टी शेवटपर्यंत गेली, एरर नाही. डोंगल लावलं, जुनं सॉफ्टवेअर उघडलं. थरथरत्या हाताने गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली. गणपतीच्या चित्राखाली ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, त्याखाली ‘चि. सौ. कां.’ जागच्या जागी. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

पुढे सांगा आप्पा, आता काढू ना?

भुसावळ_आप्पा | गुरुवार, सकाळी ८:५०

आता काढा, पण रीतसर. आधी सॉफ्टवेअरच्या मेनूत लायसन्स परत करण्याची सोय आहे का बघा. काहींमध्ये असते, ती न वापरता काढलं तर नव्याला लायसन्स अडतं. सगळं बंद करा, डोंगल काढा. टास्क मॅनेजरमध्ये कीबोर्डचा प्रोग्रॅम चालू दिसला तर तो थांबवा. मग कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल. रिस्टार्ट. यादीत डोंगलचा ड्रायव्हर वेगळा असेल तर तोही काढा, पुन्हा रिस्टार्ट. मग नवा सेटअप, मग डोंगल.

अमळनेर_पत्रिका | गुरुवार, दुपारी १२:४०

जुनं गेलं, नाव यादीतून गेलं, फोल्डरही आपोआप गेलं. नवं बसलं, डोंगल ओळखलं, शब्दसंग्रह आत घेतला.

एकच कुसळ राहिलंय. जुन्या फाईली नव्यात उघडल्या की दोन फॉन्टमध्ये ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र नीट येत नाही, सरकलेला दिसतो. बाकी जोडाक्षरं ठीक आहेत.

शिरपूर_अक्षर | गुरुवार, दुपारी १:१५

ते बसवण्यात चुकलेलं नाही. एकाच नावाच्या फॉन्टच्या जुन्या आणि नव्या प्रतीत काही चिन्हांच्या जागा बदललेल्या असू शकतात. तुम्ही पेनड्राइव्हवर जुने फॉन्ट कॉपी केले आहेत ना? ते दोन फॉन्ट तिथे असतील तर नव्याच्या जागी लगेच टाकू नका, नवीन पत्रिका बिघडतील. जुनी फाईल तशीच छापायची असेल तर तेवढ्यापुरता जुना फॉन्ट लावून पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट आत बसवून. पीडीएफला नंतर सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि नव्या पत्रिका शक्य तिथे युनिकोडमध्ये करायला लागा. ज्या कामाला पेजमेकर लागतो तिथे जमणार नाही, त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. पण व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका, बातमी, हँडबिल यांना काही अडचण नाही. ग्राहकाने मजकूर मोबाइलवरून पाठवला तर तो पुन्हा टाइप करायची गरजही राहत नाही.

रावेर_केळीबाग | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

हा धागा वाचून मी तो बाजूला ठेवलेला जुना लॅपटॉप काढला. ट्रबलशूटर चालवला. यादीत नाव नव्हतं, म्हणून त्याने प्रॉडक्ट कोड विचारला. तो आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर दिला. अडकलेली नोंद निघाली आणि नवं बसलं. गटाच्या तीन वर्षांच्या केळीच्या पावत्या त्यात होत्या, आज पहिल्यांदा उघडल्या. आप्पा, तुम्ही भुसावळात कुठे असता? घरच्या केळीची फणी घेऊन येतो.

शहादा_सेवाकेंद्र | गुरुवार, रात्री ९:१०

आप्पा, मी आमच्या केंद्रावरच्या पाचही मशीनचं इन्स्टॉलर फोल्डर बघितलं. एकावर ९ जीबी आहे आणि सी ड्राइव्ह भरत आलाय. तिथून काही काढायचं नाही हे कळलं. मग जागा कुठून करू?

भुसावळ_आप्पा | गुरुवार, रात्री ९:४०

ताई, आधी डिस्क क्लीनअप चालवा, त्यात ‘क्लीनअप सिस्टिम फाइल्स’ दाबा. विंडोज अपडेटचे जुने अवशेष तिथून सुरक्षित निघतात. यादीत डाउनलोड्स दिसलं तर त्यावरची टिक मात्र आधी बघा, लोकांचे स्कॅन केलेले कागद त्यात असतात. मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. हायबरनेशनची फाईल जाते, काही जीबी मोकळे होतात. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होतं, म्हणजे तुमचं शटडाउन खरं शटडाउन होईल. एवढ्यानेही भागलं नाही तर स्कॅनचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवा, आणि जमेल तेव्हा २४० चा एसएसडी घ्या.

रावेरकर, केळी नकोत. पावत्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली का ते सांगा.

रावेर_केळीबाग | गुरुवार, रात्री ९:५५

घेतली. दोन घेतल्या, एक गटाच्या सचिवाकडे दिली.

अमळनेर_पत्रिका | शनिवार, संध्याकाळी ६:००

१४ पैकी ९ पत्रिका छापून गेल्या. आजची शेवटची पारोळ्याची होती. नवरीचे वडील स्वतः आले, स्क्रीनसमोर बसून एकेक नाव बोट ठेवून वाचलं, मामांच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेतली, आणि ६०० प्रती सांगून गेले.

चोपड्याच्या दादांचा पेनड्राइव्ह उद्याच्या एसटीने परत पाठवतोय. त्यात त्यांच्या सेटअपशेजारी एक टेक्स्ट फाईल टाकली आहे, फाईलचं मूळ नाव लिहून. माझ्या नव्या सेटअपची प्रतही तिच्या मूळ नावानेच दोन ठिकाणी ठेवली आहे, आणि टेम्प्लेटच्या फोल्डरवर आता भाच्यांसाठी वेगळं खातं केलंय.